घोरपडीच्या जागी काय येणार?

मी एक जुना रोलर कोस्टर आहे. जालन्याहून राजूरकडं निघालात की डाव्या हाताला 'फुलोरा बाग' लागते, तिथला. रोलर कोस्टर हे झालं तिकिटावरचं नाव. लोकांच्या तोंडी मी घोरपड.

मित्रांनो, या नावाची गंमत आधीच सांगून टाकते. मालकांनी वसंता रंगाऱ्याला सांगितलं होतं, "पुढच्या डब्यावर झकास ड्रॅगन काढ." वसंता टेंभुर्णीचा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ड्रॅगन त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पाहिली होती ती बांधावरची घोरपड. त्यानं तीच काढली, हिरवीगार, जीभ बाहेर काढलेली, आणि मालकांचं मन राखायला पाठीवर दोन पंख चिकटवले. पहिल्याच दिवशी रांगेतली एक बाई ओरडली, "अगं बया, घोरपडीला पंख फुटले की!" झालं. कागदोपत्री मी पुरुष, पण चार लोकांनी मला बाई करून टाकलं. मीही मग तसंच बोलायला लागले. जनरीत सोडून जायचं कुठं?

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. जन्माची आठवण कुणालाच नसते. मला एवढंच आठवतं की माझे रूळ वाकवताना एक माणूस सारखं 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत होता. पुढं काही वर्षं मी एका मोठ्या शहरात राबले. मग तिथं माझ्याहून उंच, उलटापालटा करणारा नवा कोस्टर आला. कानामागून आला आणि तिखट झाला. मला सुटं करून ट्रकांत भरलं आणि फुलोरा बागेचे मालक श्रीपतराव यांनी मला इकडं आणलं. तेव्हा एकाच्या जागी दुसरं येणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

इथं मात्र माझी वट होती. तुम्हाला वाटेल फुशारकी मारते, पण खरंच होती. अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी लोटायची आणि दर्शन झालं की लोक ओटीतला नारळ, कपाळाचा गुलाल तसाच घेऊन माझ्याकडं यायचे. चप्पल काढूनच डब्यात चढायचे. तशी पाटी नव्हती, पण देवाकडून आलेल्या माणसाचे पाय आपसूक चपलेतून निघतात. काही म्हाताऱ्या तर रुळाला हात लावून कपाळाला लावायच्या. वर चढताना सगळे हसायचे, माथ्यावर गप्प व्हायचे आणि उतारावर ज्याला जो देव आठवेल त्याच्या नावानं ओरडायचे. खाली उतरल्यावर तीच माणसं म्हणायची, "हॅट, काहीच वाटलं न्हाई!"

मला चालवायला कचरू होता. पहिल्या दिवसापासून तोच. माणूस भला, पण तोंडाचा फटकळ. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायचा, नारळ फोडायचा आणि वर दम द्यायचा, "औंदा कुरकुर कमी कर बरं." कुरकुर मी करत होतेच. सांधे म्हटले की ते बोलणारच.

दिवस सरले. वसंतानं काढलेले पंख आधी उडाले, मग जिभेचा रंग गेला. जालन्यात पोरांना खेळायला दुसरी ठिकाणं झाली, हातात मोबाईल आला. रविवारी चार डबे भरायचे, बाकी दिवशी कचरू खुर्चीत बसून शेंगा खायचा. मला त्याचं फार काही वाटलं नाही. जत्रा उठते, तसंच हे. पण मोडून खायला अजून कुणी निघालेलं नव्हतं, एवढं समाधान होतं.

आणि मग माझे भक्त निघाले.

या मंडळींचा म्होरक्या हरिओम. मूळचा कुंभार पिंपळगावचा, आता जालन्यात एका बियाणं कंपनीच्या हापिसात कामाला. लहानपणी मामाच्या मांडीवर बसून माझ्यात बसला होता म्हणे, तेव्हापासून वेडा. त्यानं मोबाईलवर 'घोरपड परिवार' नावाचा ग्रुप काढला. जमता जमता त्यात गावोगावची पोरंपोरी जमली. माझे फोटो, माझ्या आठवणी, 'पहिल्या डब्यात मजा की शेवटच्या' यावर हमरीतुमरी. कचरूलाही त्यात घेतलं. कचरूला मनातल्या मनात वाचता येत नाही. तो सगळं मोठ्यानं वाचतो. म्हणून मला सगळं कळायचं.

पावसाळा सरता सरता मालकांनी माझ्या शेजारची जागा साफ करायला सांगितली. गवत कापलं, फक्की टाकून दोन रेषा मारल्या. बस्स. ग्रुपमध्ये रणधुमाळी! रेषा कशाच्या? नक्की नवा कोस्टर येणार. मग घोरपडीचं काय? राजनंदिनी नावाची एक हुशार पोरगी, चित्रकलेत तिचा हात चांगला. तिनं तर नव्या कोस्टरचं चित्रच काढून टाकलं, निळा, तीन कोलांट्या मारणारा. सोमेश्वर म्हणाला, कोस्टर नाही, पाण्यातली घसरगुंडी येणार, त्याच्या चुलत्यानं हायवेला निळे पाइप लादलेली गाडी पाहिली आहे. ते पाइप कुणाच्या तरी बोअरचे असतील असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. एका बहाद्दरानं वरून ड्रोन उडवला. फोटोत माझ्यामागं लालभडक चौकोन दिसला. "पाया घातला! लाल पाया!" म्हणून दोन दिवस ग्रुप तापला होता. मित्रांनो, ती मालकीणबाई दुर्गाबाईंनी वाळत घातलेली मिरची होती.

कचरूनं तसं लिहायला घेतलं, पण त्याचं लिहून होईतो बोलणं दुसरीकडं गेलं. तो मोबाईल खिशात टाकत म्हणाला, "लिहून राह्यलो तर वाचतो कोन? जाऊ द्या." फक्कीच्या रेषा गाड्या लावण्यासाठी होत्या, तेही मग राहिलंच.

मी शांतपणे ऐकत होते. मला थोडं हसू येत होतं आणि थोडी भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? जालन्यात भंगार झालेल्या लोखंडाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथल्या भट्ट्यांना लोखंडाची भूक फार. आज डबा, उद्या सळई.

दसऱ्यानंतरची गोष्ट. तिकिटाची खिडकी माझ्या पहिल्या वळणाखालीच आहे. खिडकीत सगुणाबाई बसतात. दुर्गाबाई डब्यात शंकरपाळे घेऊन आल्या होत्या आणि चेहरा नुसता फुलला होता. खिडकीशी हरिओम उभा होता, सुटे पैसे काढत. दुर्गाबाईंचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. त्या सगुणाबाईंना सांगत होत्या, "डिसेंबरात पाळणा हलनार बरं का आपल्याकडं!"

"अगं माय! बराबर तारीख दिली का?"

"दिली की. घरात जुना हाये लोखंडाचा, पन सांधे पार ढिले झाले त्याचे, निस्ता कुरकुर करतो. मी म्हनते, जुना भंगारात द्या अन् नवाकोरा आना. पन यान्ला जुन्याचाच लळा!"

आता, मित्रांनो, आपल्याकडं जत्रेत जे जे फिरतं, हलतं, वर जाऊन खाली येतं, ते सगळं पाळणाच. उभा पाळणा, आडवा पाळणा, नावेचा पाळणा. आणि बागेच्या मालकीणबाई पाळणा म्हणाल्या, तर हरिओमनं दुसरं काय समजावं? त्याचं अजून लग्न झालेलं नाही. ढिले सांधे, कुरकुर, लोखंड, भंगार. जणू माझीच पत्रिका वाचली. मलासुद्धा ते माझ्याबद्दलच वाटलं. माझ्या अंगातून जी थंडी गेली, ती अजून आठवते.

हरिओमनं तिकीट न घेताच पळ काढला. संध्याकाळच्या आत ग्रुपवर त्याचा निरोप आला. कचरूनं वाचला, "खात्रीलायक! मालकीणबाईंच्या तोंडून स्वतः ऐकलं. डिसेंबरात नवा पाळणा. घोरपड भंगारात. ज्याला बसायचं त्यानं बसून घ्या."

कचरूच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. "आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई," एवढंच तो म्हणाला. मालकांना विचारायला तो गेला नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला आधी सांगायला नको का, म्हणून रुसला. तोंडाचा फटकळ माणूस रुसला की मात्र मुका होतो.

त्यानंतर जे झालं ते मी गेल्या कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. माणसं आली. टेंभुर्णीहून जीप भरून आली, पिंपळगावहून आली, जाफराबादेहून आली, पुण्यात नोकरीला असलेली पोरं दिवाळीला घरी आली ती आईच्या हातचं खाऊन थेट माझ्याकडं आली. रांग फाटकाबाहेर गेली. "शेवटचं बसून घेऊ" असं जो तो म्हणत होता. कुणी माझ्या खांबाला मिठी मारून फोटो काढले. एक बाई चक्क डोळे पुसत होती. राजनंदिनीनं वसंताची घोरपड हुबेहूब कागदावर उतरवली. सगळे डबे भरून, सगळे ओरडत. मी कुरकुरत होते, पण ते ओरडण्यात ऐकू येत नव्हतं. मला आनंद झाला. माझ्या मरणाच्या बातमीवर हे चाललंय हे मला ठाऊक होतं, तरी झाला.

श्रीपतराव चक्रावले. त्यांना वाटलं, राजूरच्या गणपतीनंच पावलं वळवली. दरवर्षी यंत्रं तपासायला येतो तो माणूस त्याच आठवड्यात आला होता. तो सांगून गेला होता, "डबे चढावर ओढणारी साखळी झिजली आहे. संक्रांतीपर्यंत चालेल. पुढं नवी घाला, नाहीतर बंद ठेवा." एरवी श्रीपतरावांनी मान हलवून विषय टाळला असता. पण रांग पाहून ते म्हणाले, "साखळी घालू. नवीच घालू. बिलकुल कसर करायची न्हाई." आणि त्यांनी साखळी सांगूनसुद्धा टाकली.

असा तो घोळ दिवाळीनंतरच्या रविवारी फुटला. घोरपड परिवार फलक घेऊन आला, 'घोरपड वाचवा'. हरिओम खुर्चीवर चढून बोलू लागला. श्रीपतराव गर्दीतून वाट काढत आले.

"कुनी सांगितलं रे तुला, घोरपड काढून राह्यलोत म्हनून?"

"काकूंनीच. मी इथं उभा व्हतो. डिसेंबरात पाळणा हलनार, जुना भंगारात द्या म्हनल्या."

दुर्गाबाई आधी त्याच्याकडं पाहतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. सगुणाबाईंचा हात धरून त्या पायरीवर बसल्या. "अरं माझ्या राजा! आमच्या कल्यानीला दिवस गेलेत! लेकराचा पाळणा म्हनले मी, लेकराचा!"

मग असा हशा उठला की खिडकीवरची कबुतरं उडाली. सून कल्याणी बागेतल्याच घराच्या गॅलरीत उभी होती, ती लाजून आत पळाली. श्रीपतरावांनी तिथंच पेढे मागवले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "घोरपड कुठं बी जात न्हाई! नवी साखळी येऊन राह्यली." टाळ्या पडल्या. हरिओम खुर्चीवरून उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून ग्रुपनं त्याचं नाव ठेवलं, बारशाचा बातमीदार. ग्रुपात त्यानं साधं 'सुप्रभात' म्हटलं तरी खाली लोक विचारायचे, "कितवा महिना?"

माझ्या जिवात जीव आला. कचरूचा रुसवा गेला. सगळं गोड झालं आणि इथं ही गोष्ट संपायला हवी होती, नाही का?

पुढच्या रविवारी सकाळी कचरूनं डबे पुसले, पट्टे ओढून पाहिले आणि वाट पाहत बसला. चार माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी तीही नाहीत. राजनंदिनीनं ग्रुपवर लिहिलं होतं, "परीक्षेनंतर जाऊ की. आता काय घाई, घोरपड तर आहेच." त्याखाली सगळ्यांनी अंगठे दिले होते. कचरूनं ते दोनदा वाचलं. मला त्या पोरीचा राग आला नाही. ती बरोबरच बोलत होती. जाणार म्हटल्यावर आलेली माणसं, राहणार म्हटल्यावर घरी बसली. माणसाचा स्वभाव आहे तो, माझ्या उताराइतका सरळ.

डिसेंबरात कल्याणीला मुलगी झाली. श्रीपतराव नातीत रमले, पण बागेकडं बघणं त्यांनी सोडलं नव्हतं. एक दिवस ते माझ्याखाली बराच वेळ उभे राहिले आणि कचरूला म्हणाले, "कचरू, असतील शितं तर जमतील भुतं म्हनतात. आपल्याकडं शितं बी हायेत, भुतं कुठं गेली?" कचरूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. दुसऱ्या दिवशी श्रीपतरावांनी फोन करून साखळी नको म्हणून कळवलं.

मग घोरपडीच्या जागी संक्रांतीनंतर काय येणार, हे ठरलं. निळा कोस्टर नाही, घसरगुंडी नाही. हिरवळ. लग्नांसाठी लॉन. इतकी डोकी इतके महिने लढली, पण हा अंदाज एकालाही बांधता आला नाही. आजकाल जालन्यात लग्नाला जागा मिळत नाही, आणि लग्नाला येणारी माणसं 'पुढं कधीतरी जाऊ' म्हणत नाहीत. श्रीपतरावांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वाईट मात्र वाटलं. खूप वाटलं.

कचरूनं हरिओमला फोन लावला. "हरिओम, या रविवारी ये बाबा. खरंच जाऊन राह्यली ती. संक्रांतीला बंद."

तिकडून आवाज आला, "कचरूभाऊ, तुम्ही बी? आता कुनाचं बारसं हाये?"

"अरे, शप्पथ सांगतो!"

"मी ग्रुपवर टाकतो अन् पुन्यांदा माझी टर उडवून घेतो, असंच ना? न्हाई भाऊ. एकदा शेन खाल्लं, बस झालं." त्यानं फोन ठेवला. मग कचरूनं स्वतःच ग्रुपवर लिहिलं. एकेक अक्षर शोधत, शेंगा बाजूला ठेवून. 'घोरपड रविवारी शेवटची. या.' उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. कुणीतरी पाळण्याचं चित्र पाठवलं. राजनंदिनीनं लिहिलं, "कचरूकाका, मुलगा की मुलगी?"

त्या रविवारी थंडी होती. आणि मित्रांनो, थंडीत मी रिकामी पूर्ण फेरी घेऊ शकत नाही. अंगात वजन नसलं की दुसऱ्या चढावर दम तुटतो, तिथंच अडकते. म्हणून चाचणीला डब्यात वाळूची पोती ठेवायची पद्धत आहे. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा कचरूनं पोती आणली. प्रत्येक जागेवर एक ठेवलं, प्रत्येकाचा पट्टा लावला. सगुणाबाई खिडकी बंद करून बघायला आल्या. कचरूनं दांडा ओढला. मी चढले, माथ्यावरून राजूरची टेकडी पाहिली आणि खाली सुटले. पोती ओरडत नाहीत. माझं कुरकुरणं मला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर गॅसकटर आला. आधी माथा उतरला, मग वळणं. डबे गवतावर ओळीनं मांडले. लोखंड नेणारी गाडी उद्या येते, परवा येते, असं चाललं होतं. तेवढ्यात अंगारकी आली. राजूरहून परतताना हरिओम आणि ग्रुपची पोरंपोरी सहज म्हणून आत वळली. फाटकातून दिसायला हवा होता तो माथा दिसेना, तशी त्यांची पावलं मंदावली. राजनंदिनीच्या हातात प्रसादाची पुडी होती.

हरिओम गवतातल्या पहिल्या डब्यापाशी आला. त्यानं चप्पल काढली. डब्यात बसला आणि समोरचा दांडा मांडीवर ओढून घेतला. त्याच्यामागं राजनंदिनी बसली, मग सोमेश्वर, मग एकेक करून सगळे. सगळ्यांनी आपापले पट्टे लावले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं. पण मी त्यांना हसले नाही. हरिओमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तो हलत होता तेवढीच मीही हलत होते.

कचरू दूर उभा राहून बघत होता. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तसा तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चला, उतरा आता. गाडी आली."

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, त्याला उशीर झाला आहे. वितळायचंही मला भय वाटत नाही. सळई होईन, कुणाच्या तरी घराच्या छतात जाऊन बसेन. मागणं एकच आहे. तुमच्या गावात अजून काहीतरी जुनं, कुरकुरणारं चालू असेल. एखादा झोका असेल, एखादं वाचनालय असेल, एखादं म्हातारं माणूस असेल. ते जाणार आहे की राहणार आहे याची चर्चा करत बसू नका. ते राहणार आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं ना, तर त्याच रविवारी जा.